भऱ्याला येणारं फिनलंडचं मासिक

आमच्या घरावर वरचा मजला चढला तो भाडेकरूंसाठी. मेंढरं विकली, पाठोपाठ वडील गेले आणि घरात आई आणि मी अशा दोघीच उरलो. मी पिरंगुटच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे दिवसभर आई एकटी. ती म्हणाली, वर खोल्या काढ, माणसाचा वावर तरी राहील. भऱ्यात आता बहुतेक घरांवर अशा खोल्या आहेत. कारखान्यातले सुपरवायझर, हिंजवडीला जाणारी पोरं, लवळ्याच्या कॉलेजात शिकवणारे मास्तर येतात, राहतात, जातात. त्यांतल्या बऱ्याच जणांचे चेहरेही आता आठवत नाहीत. फिनलंडच्या बाईला जाऊन मात्र दोन वर्षं होत आली, तरी जिन्यावर पाऊल वाजलं की आई अजून मान वर करते.

ती इंजिनिअर होती. पन्नाशी उलटलेली, उंच, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले. इथल्या एका कारखान्यात तिच्या देशातून मोठी यंत्रं आली होती. ती बसवायला आणि इथल्या लोकांना शिकवायला तिला पाठवलं होतं. आधी तिची सोय जांब्याला एका टॉवरमध्ये केली होती. तिथे तिचं मन रमेना. दार उघडलं की पायाखाली माती लागली पाहिजे, असं तिने गाडीच्या ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हर आमच्या आळीतला. त्याने गाडी थेट आमच्या अंगणात आणून उभी केली.

आईने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मला हळूच विचारलं, "हिला आपलं जेवान सोसंल का गं?" त्या दिवशी घरात नाचणीची भाकरी आणि ताक होतं. बाईने भाकरीचा तुकडा मोडला आणि नाकाशी नेला. त्यांच्याकडे राय नावाचं धान्य असतं, त्याची अशीच काळपट भाकरी करतात आणि ती आंबट दुधाबरोबर खातात, असं तिने मला सांगितलं. मी ते आईला सांगितलं. आईने तिच्या ताटात दुसरी भाकरी वाढली. भाडं, पाणी, लाईट या गोष्टी त्यानंतर कधीतरी बोलल्या गेल्या.

पहिलं पाकीट आलं ते थंडीत. पोस्टमनला त्यावरचं नाव वाचता येईना, पण परदेशी तिकिटं पाहून त्याने ते आमच्याकडेच आणलं. संध्याकाळी ती कारखान्यातून आली आणि पायरीवर बसूनच तिने पाकीट फोडलं. आत दोन मासिकं होती. एक नवं, गुळगुळीत, वरती बर्फातल्या लाल घराचं चित्र असलेलं. दुसरं जुनं, पिवळं पडलेलं, कडा झिजलेल्या. तिने आधी जुनं उचललं आणि त्याचा वास घेतला.

आई म्हणाली, "पोथी हाय का?"

मी विचारलं तेव्हा बाई हसली. म्हणाली, आमच्या घरात पोथीच आहे ती. बायकांचं आणि घरातल्या सगळ्यांचं मासिक. देश नुकताच स्वतंत्र झालेला असताना निघालं आणि अजून निघतं. तिच्या आजीने ते घ्यायला सुरुवात केली, आजीनंतर आईने. तिची आई एका तळ्याकाठच्या लहानशा गावात एकटी राहायची, आणि घराच्या पोटमाळ्यावर या मासिकाचे जुने अंक रचून ठेवलेले होते. मुलगी इतकी लांब गेली तेव्हा आईने ठरवलं की दर महिन्याला नवा अंक आला की तो वाचून तिला धाडायचा, आणि सोबत पोटमाळ्यावरचा एक जुना. आजीच्या काळापासून सुरुवात करून हळूहळू अलीकडे यायचं.

मला तेव्हा माझ्या लहानपणीचं एक मासिक आठवलं. आमच्या अंगणवाडीच्या बाई पुण्याहून एक बायकांचं मासिक मागवायच्या. त्यात लोणच्यांच्या कृती असत, स्वेटरच्या विणी असत, सासू-सुनेच्या गोष्टी असत आणि एका पानावर वाचकांच्या अडचणींना उत्तरं असत. बाईंचं वाचून झालं की ते माझ्याकडे यायचं. मी मेंढरांच्या मागे बसून ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, जाहिरातींसकट. त्यातल्या बायकांच्या स्वयंपाकघरांना खिडक्या होत्या. मला पुढे शिकायचंय असं मी वडिलांना सांगितलं, त्याला कुठेतरी त्या खिडक्या कारण होत्या. मग एका दिवाळीत ते आलं नाही. त्यानंतरही आलं नाही. बंद पडलं म्हणून कुणी सांगितलं नाही, आणि भऱ्यात ते विचारायचं तरी कुणाला. त्यामुळे या बाईच्या मांडीवर आजीच्या काळातला अंक आणि या महिन्यातला अंक शेजारी शेजारी पाहिले तेव्हा मला हेवा वाटला.

तेव्हापासून पाकीट आलं की आमची बैठक ठरलेली. जेवणं लवकर उरकून आम्ही तिघी ओट्यावर बसायचो. ती तिच्या भाषेतलं वाचायची, इंग्रजीत सांगायची, मी मराठीत आईला सांगायची. आई मध्येच थांबवून विचारायची, आणि तेच उलट्या वाटेने परत जायचं. एक पान संपायला कधीकधी तासभर लागे.

सुरुवातीच्या अंकांत सगळं घर कसं चालवावं याविषयीच होतं. अंथरूण-पांघरूण उन्हात कधी टाकावं, लेकरांना काय भरवावं, गोठा आणि स्वयंपाकघर यांत किती अंतर असावं. आणि पुन्हा पुन्हा एक गोष्ट, की घरकाम हे काम आहे, त्याला अक्कल लागते, शिक्षण लागतं. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे छापून सांगावं लागलं व्हय त्यास्नी?" बाईने उत्तर दिलं की हो, आणि छापूनही पुरुषांना पटायला बराच वेळ लागला. आईला ते मनापासून पटलं.

मग लढाईच्या वर्षांतले अंक आले. कागद हलका, पानं कमी. पुरुष सीमेवर गेलेले, शेतं बायकांवर पडलेली. साखर नसताना गोड कसं करावं, जुन्या कोटातून पोराची विजार कशी काढावी, मुळं आणि धान्य भाजून कॉफी कशी करावी. आई म्हणाली, आम्हीही दुष्काळात टाकळ्याचं बी भाजून त्याचा काढा प्यायचो, वर नाव चहाचं. दुसऱ्या दिवशी तिने कुठून तरी ते बी मिळवून भाजलं आणि बाईला पाजलं. ते दोघींनाही आवडलं नाही, पण दोघींनी कप रिकामे केले.

त्याच सुमारास बाईने तिच्या आजीची हकीकत सांगितली. आजीचं माहेर, सासर सगळं देशाच्या पूर्वेच्या टोकाला होतं. लढाई संपली तेव्हा सीमा सरकली आणि तो मुलूख पलीकडे रशियात गेला. आजी एक गाय आणि दोन लेकरं घेऊन निघाली. नव्या गावात लोकांना तिची बोली कळायची, पण ते हसायचे. त्या गावात तिच्या ओळखीचं म्हणून जे पहिलं आलं ते हे मासिक. पुढच्या एका अंकात त्या गेलेल्या मुलखातल्या एका पदार्थाची कृती छापून आली. रायच्या पिठाची पातळ पारी, आत दुधात शिजवलेला मऊ भात, कडा चिमटीने मुडपून भाजायचं. आजी म्हणे तो अंक उशाशी घेऊन झोपायची. कृती तिला तोंडपाठ होतीच. आपलं गाव कुणीतरी छापलं, याचंच तिला अप्रूप होतं.

हे ऐकून आईने सांगायला सुरुवात केली आणि मी कधी नव्हे ते सावकाश, शब्द न गाळता भाषांतर केलं. आईच्या आजीचं गाव मुळशीच्या धरणात गेलं. आई तेव्हा जन्मलीही नव्हती, पण आजीबरोबर ती उन्हाळ्यात मेंढरं घेऊन धरणाच्या कडेला जायची. पाणी उतरलं की जोती दिसायची. आजी बोट करून सांगायची, हे अमक्याचं घर, ही आपली वाट, हितं जातं होतं. आई म्हणाली, "माझी आजी त्या चिखलात उतरून उगाच उभी ऱ्हायाची. मी म्हनायची चल की, मेंढरं लांब गेली. ती म्हनायची, जरा घरात बसून येती."

बाईने ते वाक्य मला दोनदा सांगायला लावलं.

पुढच्या रविवारी तिने तो पदार्थ आमच्या चुलीवर केला. रायच्या जागी नाचणी, आणि भात आमच्याच खाचरातला आंबेमोहोर. नाचणीची पारी फाटायची, आई ती ओल्या बोटाने सांधायची. तव्यावर झाकण ठेवून भाजल्या. वरती लोणी लावून तिने पहिली आईच्या हातावर ठेवली. आई म्हणाली, जरा मीठ कमी हाय, पण तिच्या आजीचं गाव चांगलं होतं.

लढाईतल्याच एका अंकात हातमोजे विणायची आकृती होती. सैनिकांसाठीचे मोजे, अंगठा वेगळा आणि बंदुकीच्या चापासाठी एक बोट वेगळं. बाईला विणता यायचं, पण इथे लोकर कुठली. भात निघाल्यावर देशावरचे मेंढके आमच्या शिवारात येतात, खाचरांत मेंढरं बसवतात. त्या वर्षी ते ओढ्यापलीकडे उतरले होते. शनिवारी आईने तिला बरोबर घेतलं आणि मला म्हणाली, तूही चल, बोलायला. मेंढरं विकल्यापासून आई कळपाजवळ गेली नव्हती. रस्त्याने कळप जात असला तर ती घरात निघून जायची. त्या दिवशी ती सरळ कळपात शिरली, एका मेंढीच्या पाठीत हात खुपसला आणि तसाच ठेवून उभी राहिली. मेंढकीण तिच्याकडे पाहून समजली. तिने घोंगडीच्या गठुड्यातून कातरलेली लोकर काढून दिली.

माळ्यावरून लोकर कातायची चाती खाली आली. आईने लोकर धुतली, पिंजली आणि ओट्यावर बसून कातायला लागली. तिची बोटं अडखळतील असं मला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. बाई शेजारी सुया घेऊन विणत बसायची. आमची लोकर राठ, काळी. मोजे झाले ते पायपुसण्यासारखे खरबरीत. तिने ते तिच्या आईला पाठवले.

महिन्याभराने व्हिडिओ कॉल आला. तिची आई लहानशी, चष्मा लावलेली, डोक्याला रुमाल बांधलेली होती. तिने दोन्ही हात वर करून मोजे दाखवले, मग फोन खिडकीपाशी नेऊन बाहेरचा बर्फ दाखवला. हे घालून मी बर्फ उपसते, असं ती म्हणाली. आमच्या आईने शेळी दाखवली, चूल दाखवली, मला ओढून दाखवलं. मी भाषांतराला तोंड उघडलं, पण दोघी एकाच वेळी बोलत होत्या, एक तिच्या भाषेत आणि एक भऱ्याच्या. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. आम्ही दोघी मुली फोन धरून उभ्या राहिलो. नंतर आईने विचारलं की त्यांच्यात आईला काय म्हणतात. बाईने सांगितलं. आईला ते "आयती" असं ऐकू आलं.

"आय कधी आयती मिळती व्हय?" आई म्हणाली, आणि मला ते इंग्रजीत सांगता येईना.

नंतरच्या अंकांत लढाई मागे पडली. घरं नवी, रंग नवे. एका अंकात भांडी निथळायच्या कपाटाचं चित्र होतं. मोरीच्या वर भिंतीत कपाट, त्याला तळ नाही, नुसत्या सळया. धुतलेलं ताट सरळ आत उभं करायचं, पाणी खाली मोरीत गळून जातं. बाई म्हणाली की त्यांच्याकडे प्रत्येक घरात हे असतं, आणि दुसऱ्या देशांत ते नसतं याचं तिला पहिल्यांदा परदेशी गेली तेव्हा नवल वाटलं होतं. आई त्या चित्रावरून हात फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने पिरंगुटच्या एका फॅब्रिकेटरला बोलावून ते चित्र त्याच्यासमोर धरलं. त्याने आधी विरोध केला, तळ नसेल तर ते कपाट कसलं, असं त्याचं म्हणणं. आईने त्याला तसंच करायला लावलं. ते बसवल्यावर आळीतल्या बायका बघायला आल्या, आणि आईने ताट धुवून आत ठेवून प्रत्येकीला पाणी गळताना दाखवलं.

त्यापुढच्या अंकांत बायका नोकरीला निघाल्या होत्या. पाळणाघरं, घटस्फोट, नवऱ्याने स्वयंपाक करावा का यावर वाचकांची भांडणं. मासिक मागे पडलं नाही, असं बाई म्हणायची. घरातली बाई बदलली तसं तेही तिच्यामागून दाराबाहेर पडलं. या अंकांपाशी ती स्वतःचंही बोलायला लागली. तिचं लग्न मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं. तिच्या आईने त्यावर तिला कधी काही विचारलं नव्हतं. फक्त त्या महिन्याचा अंक तिला वाचायला देताना एका लेखाचं पान दुमडून ठेवलं होतं. माझंही लग्न मोडलेलं. माझ्या आईला वाचता येत नाही म्हणून तिने पान दुमडलं नाही, पण मी माहेरी परत आले त्या दिवशी तिने माझी जुनी पेटी पुन्हा जागेवर लावली होती. हे मी बाईला सांगितलं. आईला त्याचं भाषांतर करून दिलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी आम्ही अंगणात पावटे सोलत होतो. बाईचा फोन वाजला. ती उठून पेरूच्या झाडापाशी गेली, थोडंच बोलली, आणि फोन बंद केल्यावरही तिथेच पाठमोरी उभी राहिली. मला वाटलं कारखान्यातलं काही असेल. आईला आधी कळलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. तिची आई सकाळी अंगणातला बर्फ उपसायला गेली होती. शेजाऱ्यांना ती पायरीवर बसलेली दिसली. हाक मारली तरी उठली नाही.

संध्याकाळच्या गाडीने ती मुंबईच्या विमानतळाकडे निघाली. आईने तिच्यासोबत भाकरी बांधून दिली. त्या रात्री आमच्या घरात चूल पेटली नाही. आई म्हणाली, आपल्यातलं माणूस गेलं.

ती तिकडे असतानाच पाकीट आलं. पोस्टमनने नेहमीसारखं ओट्यावर ठेवलं आणि गेला. पत्ता तिच्या आईच्याच अक्षरात होता. मी ते हातात घेतलं. मी आईला म्हटलं, हे आत्ता तिला दाखवायला नको, जरा दिवस जाऊ देत. आईने पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि पदराने पुसलं.

"तिच्या आयनं तिला धाडलंय," ती म्हणाली. "आपुन कोन मधी ठेवनार?"

तिने ते वरच्या खोलीत, बाईच्या उशीवर ठेवलं.

काही आठवड्यांनी बाई उरलेलं काम संपवायला परत आली. चेहरा उतरला होता. चहा घेतला, वर गेली. मग जिन्यात पाऊल वाजलं आणि ती पाकीट घेऊन खाली आली. फोडलं नव्हतं. तिला ते आमच्यात बसून फोडायचं होतं.

आत नेहमीसारखे दोन अंक होते. नवा तिने बाजूला ठेवला. जुना पाहिला आणि ती एकदम खाली बसली. तो तिच्या जन्माच्या महिन्याचा होता. तिची आई तिच्या दर वाढदिवसाला एक गोष्ट सांगायची. तू आलीस तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून मासिकातलं शब्दकोडं सोडवत होते, ते तुझ्यामुळे अर्धं राहिलं. बाईने तो अंक कधी पाहिला नव्हता. तो हरवला असंच घरात सगळे म्हणायचे. कुठल्या तरी ढिगाखाली तो आईला सापडला असावा.

तिने पान उघडलं. चौकोन अर्ध्यापर्यंत भरलेले होते. अक्षरं आधी नीट, बारीक. मग एका शब्दाच्या मध्येच पेन्सिलीची रेघ घसरून चौकोनाबाहेर गेलेली, आणि पुढे सगळं कोरं.

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. आई तिच्याजवळ सरकून बसली. तिने मला विचारलं, ते काय हाय. मी सांगितलं. आईने त्या घसरलेल्या रेघेवर बोट ठेवलं. मग बाईला म्हणाली, वाच की. काय काय लिवलंय तुझ्या आयनं, ते वाच.

बाईला ते मराठी कळलं. तिने पहिल्या ओळीपासून एकेक शब्द मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नदी, भांडं, एका पक्ष्याचं नाव, कुठलंसं शहर. अर्थ ती सांगत होती, पण आई अर्थासाठी थांबत नव्हती. ती प्रत्येक शब्द तिच्यामागून म्हणत होती, जसा ऐकू येईल तसा. त्यात भाषांतराला जागाच नव्हती. शेवटचा अर्धा शब्दही तिने वाचला, आणि आईने तो तसाच अर्धा म्हटला.

कोरे चौकोन भरायचे का, असं मी नंतर तिला विचारलं. ती म्हणाली, त्यातले बरेच मला येतात, पण ते तिचं कोडं आहे.

मे महिन्यात यंत्रं चालू झाली आणि ती गेली. निघताना तिने जुने अंक सोबत नेले. पोटमाळ्यावरच्या अंकांचं काय करायचं हा प्रश्न होता. घर विकायचं होतं, आणि गावच्या ग्रंथालयाला ते नको होते. तिने ते खोक्यांत भरून स्वतःच्या फ्लॅटमध्ये नेले. तिथे आता भिंतीला दुसरी भिंत लागल्यासारखी ती खोकी उभी आहेत. मी फोनवर पाहिली आहेत. तिच्या आईच्या नावाची वर्गणी अजून संपायची होती, ती तिने आमच्या आईच्या नावावर, भऱ्याच्या पत्त्यावर फिरवली, आणि संपल्यावर स्वतःच चालू ठेवली. त्यामुळे मासिक अजून येतं. सोबत जुना अंक नसतो.

आता मी फोनचा कॅमेरा पानावर धरते आणि फोन मोडकंतोडकं मराठी दाखवतो. आई ते ऐकते, पण दोन पानांवर तिचं लक्ष टिकत नाही. तिला शेजारी बसून वाचणारी पाहिजे असते. चित्रं मात्र ती पुन्हा पुन्हा बघते. म्हाताऱ्या बायकांची चित्रं आली की जास्त.

वरच्या खोलीत सध्या विदर्भातली एक मुलगी राहते. हिंजवडीच्या कंपनीत आहे, आठवड्यातले बरेच दिवस घरूनच काम करते. परवा संध्याकाळी तिने ओट्यावरचं मासिक उचललं आणि आजी, हे कुठलं, असं विचारलं. मी आत पीठ मळत होते. आई तिला सांगायला लागली. लई लांबच्या मुलखातलं हाय. तितं एक बाई होती, तिची मेंढरं होती, पर पुढं धरण झालं आन् गाव गेलं. मंग ती म्हनाली, गाव गेलं तर गेलं, आपुन ते छापून ठिवू. म्हनून तिनं हे काढलं.

मुलगी म्हणाली, खरंच?

"व्हय," आई म्हणाली. "तिच्या लेकीची लेक हितंच ऱ्हायाची, तुझ्या खोलीत."

मी दुरुस्त करायला बाहेर गेले नाही. पिठाचे हात तसेच ठेवून उंबऱ्याशी उभी राहिले. मुलीने विचारलं की त्या पुन्हा येणार आहेत का. आई म्हणाली, म्हणते तर येईन म्हणून, नोकरी संपली की. मग तिने मासिक मुलीच्या हातातून घेतलं, मांडीवर उघडलं आणि एका पानावरच्या तळ्याकडे बघत म्हणाली, तिकडं अजून दुपार असंल. एकटीच जेवत असंल.